दुपारची मेंढरं, दख्खनी लोकरीतली

नीडल फेल्टिंगचं, म्हणजे लोकर सुईनं टोचून टोचून घट्ट करत आकार द्यायचं किट मागवलं की त्यात एक फोमचा तुकडा येतो, तीन-चार सुया येतात आणि पांढऱ्याशुभ्र मेरिनो लोकरीचा मऊ गोळा येतो, आणि त्यातून जी मेंढी तयार होते ती दिसते गोड, पण ती आपल्याकडची नसते. गोल अंग, काळं चिमुकलं तोंड, चार काड्या पाय. भिंतीवर लावायचं चित्रसुद्धा तसंच, हिरवी टेकडी, पांढरे ठिपके, मागे लाकडी कुंपण. फलटण-लोणंदच्या पट्ट्यात लहानपण गेलेल्या माणसाला हे बघून काही म्हणजे काही होत नाही. आमच्याकडची मेंढी काळी, नाहीतर काळी-करडी मिसळलेली, नाक वर उचलल्यासारखं बाकदार, पाय लांब कारण वर्षातले कित्येक महिने ती चालतच असते, आणि अंगावरची लोकर अशी राठ की हात फिरवला तर आधी कुसळ टोचतं. तेव्हा ठरवलं की भिंतीवर मेंढरं लावायची तर ती आपली, आणि लोकरही त्यांचीच.

लोकर मिळवणं सगळ्यात सोपं गेलं ह्याचं वाईटच वाटलं खरं तर. आमच्या गावच्या रानात दरवर्षी धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसकट त्यांचा तळ बसतो, पाऊस संपला की दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं आणि मृगाच्या आधी परत यायचं असा त्यांचा शिरस्ता. शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतो, लेंड्या-मुताचं खत मिळतं, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. त्या वाड्यावरच्या मामांना विचारलं की लोकर विकत देता का, तर ते हसायलाच लागले. "इकत कशाची, न्या की पोतंभर. कातरायची मजुरी सुटत न्हाई आता, बांधावर टाकून देतो आमी." आणि खरंच बांधाच्या कडेला काळ्या लोकरीचा ढीग पावसानं भिजून बसलेला होता. एका मेंढीला वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते, ती कातरायला माणसं लागतात, आणि घोंगडी घेणारं गिऱ्हाईक कमी झालंय, मग होणार काय.

मी कातरणीच्या दिवशीच गेले म्हणजे भिजलेली घ्यायला नको. आदल्या दिवशी मेंढरं ओढ्यात धुऊन काढलेली होती. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे आणि लोखंडी कातरीनं पोटाकडून पाठीकडे जायचं. मशिनसारखं एकसारखं होत नाही, कातर जिथे जिथे उचलली तिथे रेघ राहते, त्यामुळे कातरलेल्या मेंढीच्या अंगावर शेत नांगरल्यागत पट्टे दिसतात. हे पट्टे मी फोनमध्ये जवळून काढून ठेवले, पुढे फार कामाला आले. मामांनी एक छोटं गाठोडं वेगळं दिलं, कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ. ही बाकीच्यापेक्षा कितीतरी मऊ, पूर्वी हिची घोंगडी म्हणजे भारी काम समजायचे. "ही वाया घालवू नका," एवढंच म्हणाले.

धुणं म्हणजे फक्त धीर धरणं. कोमट पाण्यात रिठ्याचं पाणी घालायचं, लोकर अलगद बुडवायची आणि हात लावायचा नाही. ढवळली, चोळली की ती तिथेच गुठळून बसते, मग कितीही पिंजा. पहिलं पाणी चिखल, दुसरं चहा, असं करत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बदलायचं. मेरिनोत चरबी खूप असते म्हणून तिला कडक गरम पाणी लागतं, आपल्या मेंढीत चरबी कमी, माती आणि कुसळं जास्त. कुसळं धुतल्यानं जात नाहीत, ती बोटांनीच वेचावी लागतात, टीव्ही बघत बघत. वास मात्र गॅलरीभर राहतो. सोसायटीत शेजारच्या काकूंनी "तुमच्याकडे काही मेलंय का" असं विचारलं होतं, त्यांना काय सांगणार.

पिंजायला खरं तर पिंजाऱ्याकडची धनुकली हवी, ती मला कुठेच मिळाली नाही. बाहेरचे हँड कार्डर महाग. पण कुत्र्याचे केस विंचरायचे जे बारीक वाकड्या तारांचे ब्रश असतात ना, ते दोन घेतले की काम भागतं. एका ब्रशवर लोकर पसरायची, दुसऱ्यानं हलकेच ओढायची, सगळे तंतू एका दिशेला आले की उचलून घ्यायची. जावळ ह्यात छान उतरते. मोठ्या मेंढीची लोकर तडतडते, उडते, नाकात जाते, मास्क लावूनच बसायचं.

आता इथे जरा शास्त्र, कारण ते कळल्याशिवाय पुढचं जमत नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, सगळे टोकाकडे तोंड करून. ओल, साबण, उष्णता मिळाली आणि घासलं की तंतू सरकतात, पण खवल्यांमुळे एकाच दिशेला सरकू शकतात, मागे येता येत नाही, म्हणून एकमेकांत अडकत जातात आणि शेवटी घट्ट कापड होतं, तेच फेल्ट, विणकाम नाही, शिलाई नाही. सुईनं करतात ते ह्याच्याहून वेगळं, त्या सुईला कडेला बारीक खाचा असतात, टोचली की तंतू आत ढकलले जातात, बाहेर येताना सुई रिकामी येते. मेरिनोचा तंतू साधारण १५ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आपल्या दख्खनी मेंढीचा ५० च्या आसपास, आणि त्यातले बरेच मधून पोकळ. जाड, ताठ, पोकळ तंतू वाकायला तयार नसतो, त्यामुळे तो अडकायलाही तयार नसतो. यूट्यूबवर बाई दहा मिनिटं साबणाचं पाणी चोळतात आणि फेल्ट तयार, ते मेरिनोचं. दख्खनीला तोच हिशोब लावला तर हातात फक्त ओली लोकर राहते.

म्हणून मी पाया जावळाचा केला आणि मेंढरं मोठ्यांच्या लोकरीची. साधारण तीन फूट बाय दोन फूट हवं होतं, पण ओलं काम आटतं म्हणून सगळ्या बाजूंनी बरंच मोठं पसरलं. खाली बबल रॅप, त्यावर पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर, एक आडवा एक उभा, परत आडवा परत उभा. काळी आणि पांढरी जावळ ब्रशवरच मिसळून करडा रंग केला होता, एकसारखा नाही, कुठे गडद कुठे फिका, उन्हाळ्यातली जमीन असते तसा. वरून जुन्या मच्छरदाणीची जाळी, त्यावर गरम साबणाचं पाणी शिंपडायचं आणि हात सपाट ठेवून गोल गोल चोळायचं, आधी अगदी हलक्या हातानं, नाहीतर थर सरकतात. मग सगळं पीव्हीसी पाइपवर गुंडाळून पुढे-मागे लाटायचं. उघडायचं, नव्वद अंशात फिरवायचं, परत गुंडाळायचं. चिमटीत पृष्ठभाग पकडून वर ओढून बघायचा, सुटे तंतू हातात आले तर अजून लाटा, आख्खा थर कापडासारखा उचलला गेला तर झालं. माझे दंड भरून आले, नवरा आणि मुलगा पाळीपाळीनं लाटायला बसले, मुलाला तर गंमतच वाटली. शेवटी स्वच्छ पाण्यात साबण काढायचा आणि अखेरच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, साबणाचा अल्कलीपणा मारायला, नाहीतर लोकर पुढे ठिसूळ होते.

हे काही नवीन नाही म्हणा. कोल्हापूरकडे पिंजारी लोक लोकर पिंजून, पाणी मारून, लाटून जेन, म्हणजे न विणलेली लोकरीची बैठक करायचे, माझ्या आजीकडे देवाच्या पाटाखाली तसला एक तुकडा होता. राजस्थानात टोंकला आणि काश्मीरमध्ये नमदे होतात ते हेच. आणि भिंतीवर टांगायचं म्हणाल तर सैबेरियातल्या अल्ताई डोंगरांत पाझिरिकच्या थडग्यात फेल्टचा एक पडदा सापडला, साधारण साडेचार मीटर बाय साडेसहा मीटर, त्यावर घोडेस्वार वगैरे, जवळजवळ अडीच हजार वर्षं जुना, आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. मेंढपाळांनी, घोडे पाळणाऱ्यांनीच केलेलं काम. बर्फात गोठून राहिला म्हणून वाचला, आपल्या हवेत चार पावसाळ्यात कसर खाऊन टाकेल.

चित्र काय काढायचं हे मी आधीच ठरवलेलं होतं. एप्रिलच्या दुपारी, झाड नसलेल्या रानात मेंढरं काय करतात बघितलंय का कधी? सगळी एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि प्रत्येक मेंढी आपलं डोकं शेजारणीच्या पोटाखाली, तिच्या सावलीत घालते. बाहेरून बघितलं तर एकही तोंड दिसत नाही, नुसत्या पाठी. मला तेच हवं होतं. मैत्रिणी म्हणाल्या तोंडं नसतील तर लोकांना मेंढ्या कळणार कशा, डोळे नाहीत, कान नाहीत. मला वाटतं फेल्टिंगमध्ये डोळे करायला घेतले की मामला संपला, दोन काळे मणी लागतात आणि जनावराचं खेळणं होतं. पाठीत तसं काही करायला वावच नसतो.

पण काळ्या मेंढरांच्या काळ्या पाठी एकमेकीला लावल्या की नुसता काळा ढिगारा होतो, हा प्रॉब्लेम होताच. पांढरी लोकर मध्ये घालून उजेड दाखवायचा म्हटलं तर ती ठिगळं दिसतात. उपाय लोकरीतच सापडला. काळ्या मेंढीची लोकर नीट बघितली तर बुडाशी कुळकुळीत काळी असते आणि टोकाला उन्हानं करपून तांबूस-तपकिरी झालेली असते. महिनोन्‌महिने उन्हात चालल्याचा परिणाम. मग मी बटा न पिंजता तशाच ठेवायला लागले, प्रत्येक बटेचं टोक कुठलं, बूड कुठलं ते ओळखून. पाठीचा जो भाग उन्हात, तिथे टोकं बाहेर, जिथे शेजारणीची सावली पडते तिथे बटा उलट्या, बूड बाहेर. रंग एक थेंबही न वापरता ऊन आणि सावली वेगळी झाली. हे जेव्हा पहिल्या तीन-चार पाठींवर दिसलं तेव्हा मी एकटीच खोलीत ओरडले होते.

एकेक पाठ करायची पद्धत अशी. आधी टाकाऊ, आखूड लोकरीचा लांबट उंचवटा, जाड ३६ नंबरच्या सुईनं पायावर ठोकून बसवायचा. नंबर जितका लहान तितकी सुई जाड, हे उलटं असतं, लक्षात ठेवा. मग कण्याच्या रेषेवर बटा ठेवायच्या, दोन्हीकडे लोंबत्या, आणि ३८ नंबरनं फक्त कण्यावरच टोचायचं, बाकी मोकळ्या सोडायच्या. दख्खनीचा ताठ तंतू पूर्ण दबत नाही, वर उभा राहतोच, किटच्या मेंढीत हा दोष धरतील, इथे मात्र तोच हवा, कारण खऱ्या मेंढीची लोकरही अशीच विस्कटलेली असते. कातरलेल्या मेंढ्या मुद्दाम चार-पाच घातल्या. त्यांना आखूड लोकर पूर्ण ठोकून घट्ट केली आणि मग ४० नंबरच्या बारीक सुईनं ओळीनं टोचत फोनमधल्या फोटोत होते तसे कातरीचे पट्टे पाडले. सुई सरळ घालायची, सरळच काढायची, जरा तिरकी ओढली की कट्कन तुटते आणि टोक आत राहतं, मग ते चिमट्यानं शोधत बसा. बोटांना चामड्याच्या टोप्या घाला, त्याबद्दल जास्त सांगत नाही.

रंग केला तो एकाच ठिकाणी. ओळखायला धनगर मेंढीच्या पाठीवर रंगाचा डाग लावतात, प्रत्येक कळपाची खूण वेगळी. त्यासाठी पांढरी लोकर तुरटीच्या पाण्यात उकळून मंजिष्ठेत रंगवली, गडद विटकरी लाल आला. प्रत्येक पाठीवर एक बोटभर. सगळ्या करड्या-काळ्यात तेवढेच लाल ठिपके, आणि तेही एका रेषेत नाहीत कारण मेंढरं ओळीनं उभी नाहीत.

घोडं वेगळं करून ठेवलं होतं. वाड्याचं घोडं म्हणजे चालतं घर, पाठीवर घोंगड्या, भांडी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि दोन्ही बाजूंच्या झोळीतून नुकत्याच जन्मलेल्या कोकरांची डोकी बाहेर. हे करायला मला सगळ्यात जास्त मजा आली, कोंबडीचा तुरा त्याच मंजिष्ठेतला. पण घोडं चित्रात कुठे लावायचं ते ठरत नव्हतं, म्हणून अर्धवट काम गुंडाळून वाड्यावरच घेऊन गेले. मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी भाकरी टाकता टाकता बघितलं, हात पुसून जवळ आल्या आणि सरळ बोटं घातली बटांत. "ही आमचीच हाय," म्हणाल्या. लोकर ओळखली त्यांनी. मग मामा आले, बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तोंडं न्हाईत, ती बरोबर हाय," म्हणाले. "पर समदी आत कशी घुसतील? कडंची दोन-चार बाहीरच ऱ्हात्यात, त्यास्नी जागा गावत न्हाई. ती फिरत बसत्यात."

आणि घोड्याचं विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की हिला एवढंही कळू नये. दुपारी मेंढरं बसली की घोड्यावरचं ओझं उतरवलेलं असतं, ओझं घेऊन घोडं उन्हात उभं करतं कोण? ओझ्यासकट दाखवायचं तर ते चालतं हवं, आणि चालतं असेल तर मेंढरंही चालती हवीत. मुद्दा बिनतोड होता. कोंबड्या, झोळ्या, कोकरं सगळं केलेलं, सोडायला मन होईना, पण ह्या चित्रात ते बसत नाही म्हणजे नाही. ते घोडं आता शोकेसमध्ये आहे, त्याच्यासाठी घाट उतरणाऱ्या वाड्याचं वेगळं चित्र करीन कधीतरी.

मात्र कडेची दोन मेंढरं घातली, घोळक्यात जागा न मिळालेली. त्यांना तोंडं द्यावीच लागली. बाकदार नाक, लोंबते कान, डोळ्याच्या जागी फक्त बारीक सुईनं पाडलेला खळगा, मणी नाही. त्यातली एक आत घुसायचा प्रयत्न करतेय, दुसरी तशीच उन्हात उभी. येणारा प्रत्येक माणूस आधी ह्या दोघींकडे बघतो, मग कुठे त्याला उरलेल्या पाठी कळतात.

टांगायचं कसं ह्यावर लोक फार विचार करत नाहीत आणि मग सहा महिन्यांत चित्र वरून ताणतं, मधे पोट येतं. काचेच्या फ्रेममध्ये घालू नका, काच लोकर दाबते आणि आत दमट हवा कोंडते. मी मागे जुन्या घोंगडीचा तुकडा लावला. घोंगडीला चिंचोक्याची खळ असते म्हणून ती मुळातच ताठ, तिच्यावर फेल्ट उभ्या-आडव्या टाक्यांनी जागोजागी पकडलं, म्हणजे वजन सगळीकडे वाटलं जातं. वर मागच्या बाजूनं नेफा शिवला, त्यात बांबूची काठी, दोन खिळे. उन्हाच्या समोरच्या भिंतीवर लावू नका, तांबूस टोकं आणखी फिकी पडतील. पावसाळ्याआधी आणि नंतर उतरवून उन्हात झटकायचं, मागे निंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवायचा. डांबरगोळ्याही चालतात पण बसायच्या खोलीत तो वास मला नको. बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या तर चित्र प्लास्टिकमध्ये बंद करून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये, तीन फुटांचं चित्र घरच्या फ्रीजमध्ये मावत नाही ही गोष्ट वेगळी, गुंडाळून घालावं लागेल.

"विकणार का, किती घेशील" असं बऱ्याच जणांनी विचारलं. लोकर फुकट मिळाली असं सांगितलं की लगेच भाव पाडून मागतात. फुकट मिळाली कारण कोणी घेत नाही, आणि घेत नाही कारण ती टोचते. पुढच्या कातरणीला मी मामांना लोकरीचे पैसे देऊन घेणार आहे, त्यांनी नको म्हटलं तरी, निदान कातरणाऱ्याची मजुरी तरी. मामींनी आधीच सांगून ठेवलंय की जावळ त्या वेगळी काढून ठेवतील.

सध्या डोक्यात माडग्याळी आहे. जत तालुक्यातलं माडग्याळ, तिथली ती पांढऱ्यावर तपकिरी धब्ब्यांची, पोपटासारखं नाक असलेली उंच मेंढी, एकेक एडका लाखांत विकला जातो म्हणून पेपरात येतो ती. अडचण अशी की ती मटणाची जात, अंगावर लोकर जवळपास नाहीच, गुळगुळीत केस. म्हणजे तिची लोकर वापरून तिचं चित्र करता येणार नाही, आणि तिचा तो तपकिरी रंग दख्खनीच्या उन्हानं करपलेल्या टोकांत मिळतो का ते बघतेय, टोकं तेवढी कापून वेगळी साठवायला घेतलीत, मूठभर जमलीत. दुसरा उपाय म्हणजे पांढरी लोकर काताच्या पाण्यात रंगवणं. कोणी केलं असेल तर तुरटीनं रंग पिवळट येतो का तेवढं सांगा.